ऑरिझन म्हणजे नक्की काय?

हुरडावाला:
नमस्कार मंडळी, एक शंका आहे. मुलगी बीए इंग्लिशला आहे, परवा रात्री शेक्सपियरचं हॅम्लेट नाटक वाचत बसली होती आणि मधेच विचारली, पप्पा ऑरिझन म्हणजे काय ओ? मी जेवता जेवता ठोकून दिलं की होरायझनच असेल, छापताना एच गळालाय, लिही क्षितिज. तिनं लिहिलं आणि कॉलेजात लई हसं झालं, आता माझ्याशी बोलंना. प्रार्थनेसाठीचा जुना शब्द आहे एवढं कळलं, पण प्रेयर असताना हा कुठनं आला? क्षितिजाशी काहीच नातं नाही का?

सातरस्त्याचा:
सोपंय की. आपली आरती तिकडं जाऊन ऑरिझन झाली. सगळं इथनंच गेलंय.

पोथीवाचक:
सातरस्त्याचे मालक, व्हॉट्सॲपवरनं आलं ना हे? आरती म्हणजे संस्कृतातल्या 'आरात्रिक'चं झिजलेलं रूप, त्याचा ह्याच्याशी काडीचा संबंध नाही.
हुरडावाले, क्षितिजाशी पण नातं नाही, होरायझन ग्रीकमधनं आलाय, हद्द आखणे असा मूळ अर्थ. ऑरिझनचं मूळ लॅटिन 'ओरारे', म्हणजे बोलणे, गाऱ्हाणं मांडणे, आणि मग देवापुढं मांडलेलं गाऱ्हाणं म्हणजे प्रार्थना. त्यावरनं 'ओरातिओ' हे नाम, ते जुन्या फ्रेंचमध्ये झिजून 'ओरेझोन' झालं, आणि 1066 ला फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड घेतल्यावर जे फ्रेंच शब्द तिकडं शिरले त्यांच्याबरोबर हा पण आला. गंमत म्हणजे पुढं तोच ओरातिओ परत सरळ लॅटिनमधनं उचलला, तो ओरेशन, म्हणजे भाषण. म्हणजे एकच शब्द दोनदा आला, एकदा तोंडातोंडी झिजून आणि एकदा पुस्तकातनं कोरा करकरीत. आपल्याकडं 'प्रसाद' पण आहे आणि त्याचंच झिजलेलं 'पसाय' पण आहे ना, पसायदानातलं, तसंच. आणि पसाय जसा आता पसायदानापुरताच उरलाय तसा ऑरिझन हॅम्लेटपुरता. तिसऱ्या अंकात हॅम्लेटचं 'टू बी ऑर नॉट टू बी' हे स्वगत संपतं तेव्हा त्याची प्रेयसी ऑफेलिया समोर दिसते, तिच्या बापानं तिला मुद्दाम हातात पुस्तक देऊन फिरायला लावलेलं असतं, आणि हॅम्लेट म्हणतो की तुझ्या प्रार्थनांत माझ्या सगळ्या पापांची आठवण असू दे. तिथं क्षितिज लिहिलं तर ओ, पापं क्षितिजावर जाऊन बसतात 😄

बाळीवेसची सून:
एक भर घालते. प्रेयर पण मूळचा इंग्लिश नाही, तो पण फ्रेंचमार्गेच आलेला. इंग्लिशचा स्वतःचा शब्द होता 'गेबेड', पुढं 'बेड' झाला (झोपायचा नव्हे). जर्मनमध्ये प्रार्थनेला अजून गेबेट म्हणतात. मग हा शब्द गेला कुठं? तर माळेत! चर्चमधले लोक माळ ओढत प्रार्थना मोजायचे, एक मणी एक प्रार्थना, आणि होता होता प्रार्थनेचं नाव मण्यालाच चिकटलं, तोच आजचा बीड. आमच्या सासूबाई रोज पहाटे माळ घेऊन बसतात, 108 मणी, मेरुमणी आला की माळ फिरवून उलटी घेतात, मधे कुणी हाक मारली तर त्या मण्यावर अंगठा दाबून धरून 'हं' एवढंच म्हणतात. मला बीडचं हे कळलं तेव्हा आधी तो अंगठाच डोळ्यापुढं आला. आणि मणी मोजण्याला इंग्लिशमध्ये 'टेल' म्हणायचे, टेल म्हणजे पूर्वी मोजणे. मी बँकेत आहे, आमच्या कॅश काउंटरवरचा टेलर तोच, मोजणारा. पंधरा वर्षं त्या खुर्चीत बसले, मला वाटायचं गिऱ्हाइकाला सांगणारा म्हणून टेलर.

सातरस्त्याचा:
बरं बे, आरती मागं घेतो. पण ओरल, ओरारे एकच ना?

पोथीवाचक:
ओरल हा तोंड ह्या अर्थाच्या 'ओस' शब्दावरनं आला. दोन्ही सारखे दिसतात म्हणून एक धरू नका, होरायझनचं काय झालं बघितलं ना.

हुरडावाला:
लई भारी, धन्यवाद सगळ्यांना. मुलीला मोबाईलच हातात दिला, सगळं वाचली, आणि दोन दिवसांनी पहिल्यांदा बोलली, 'प्रसाद-पसायचं पेपरात लिहू का?' मी म्हणलं मला विचारू नको. उच्चार तेवढा सांगा कुणीतरी, झ कुठला?

बाळीवेसची सून:
झाडातला झ, झेंड्यातला नाही. जोर पहिल्या 'ऑ'वर. आणि बहुतेक ठिकाणी अनेकवचनातच येतो, ऑरिझन्स. लिहू दे तिला.