शब्दचर्चा : ‘बरं होणं’ की ‘भरून येणं’?

आमच्या नौपाड्यातल्या वाचनगटात सध्या टोनी मॉरिसन यांची १९८७ची ‘बिलव्हेड’ ही कादंबरी वाचतोय. गुलामीतून पळालेली आई, पाठीवर चाबकाच्या वळांचं उठलेलं झाड, आणि शेवटी तिच्या घरासमोर जमून गाणाऱ्या वस्तीतल्या तीस बायका. त्यानंतर तिच्या आत जे सुरू होतं त्याला मराठीत काय म्हणावं? गटात ‘उपचार’, ‘बरं होणं’ असे शब्द आले. मला ते दवाखान्यातले वाटतात. ताप बरा झाला की मागमूस राहत नाही. इथे वण राहणारच आहे.

प्रतिसाद
‘भरून येणं’ घ्या ना. जखम चिघळते, खपली धरते, खालून मांस भरत येतं, वर वण उरतो. (‘वण’ म्हणजे ‘व्रण’च, घरात वापरून गुळगुळीत झालेला.) पण ऊरही भरून येतो, डोळे भरून येतात, आभाळ भरून येतं. जखम मिटते तेव्हा आणि रडू फुटायच्या आधी, दोन्हीकडे क्रियापद एकच! कादंबरीत रानातल्या मोकळ्या जागेत तिची सासू सगळ्यांना जमवते, पोरांना हसायला, पुरुषांना नाचायला, बायकांना रडायला सांगते. तिथे दोन्ही अर्थ एकदम लागतात.

प्रतिसाद
मी मूळचा उरण तालुक्यातला, आता नेरूळला असतो. आमच्याकडे ‘भरपाई’ हा शब्द रोजचा. भरपाई कुणीतरी देतं, नुकसान कुणीतरी भरून काढतं. भरून येतं ते आपलं आपण, आणि वेळ घेऊन. १६ आणि १७ जानेवारी १९८४ला, नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या लढ्यात, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यांच्या स्मृतिदिनाला लोक जमतात. लहानपणी वाटायचं, दरवर्षी खपली कशाला काढायची? पण आई तिथून आली की दोन दिवस गप्प असते आणि मग मोर्चातल्या बायकांच्या गोष्टी सांगायला लागते. एरवी त्याबद्दल चकार शब्द नाही.

मूळ प्रश्नकर्ती
दादा, तुमचा ‘काढणं’ आणि ‘येणं’ हा फरक फार मोलाचा. कादंबरीतल्या याच वस्तीने पूर्वी, तिला पकडायला माणसं आली तेव्हा, धोक्याची सूचना दिली नव्हती. म्हणजे बायका स्वतःचं काही भरून काढायलाही आल्यात. अडचण एकच : ‘तिला भरून आलं’ लिहिलं तर वाचक फक्त रडू समजेल. कर्ता द्यावा लागेल. ‘जुनं भरून येऊ लागलं’ असं लिहून उद्या गटात वाचून बघते.