शब्दचर्चा: ‘मूर’ला माळरान म्हणावं का?

इन्व्हरनेसहून:
नमस्कार मंडळी. एका दिवाळी अंकासाठी स्कॉटिश हायलँड्समधल्या पायी भटकंतीवर लिहिते आहे. ग्लेनला दरी, लॉखला सरोवर, बर्नला ओढा असं करत निभावून नेलं, पण ‘मूर’ (तिथली उघडी, झाडं नसलेली डोंगराळ जमीन) या शब्दापाशी अडले. शब्दकोश उघडला की ओसाड माळ, पडीक जमीन, माळरान असंच काहीबाही सापडतं. मी जिथं चालते तिथं घोट्यापर्यंत पाय पाण्यात जातो, आणि ऑगस्टमध्ये डोंगरच्या डोंगर हीदर नावाच्या बुटक्या झुडपाच्या फुलांनी जांभळे होतात. त्याला ओसाड कसं म्हणू? शिवाय बॉथी, मिज आणि ड्रीख हे तीन शब्दही उरलेत. सुचवा.

पुण्याहून:
माळरान नकोच. माळ म्हटलं की आमच्यासारख्यांना सुपे किंवा नान्नज दिसतं. मुरूम, खुरटं गवत, लांबवर एखादा चिंकारा. मुरमात पाणी ठरत नाही, तुमच्या मूरवरून ते हलत नाही. वाचक मनातल्या मनात टोपी घालून उन्हात चालायला लागेल. ‘सडा’ कसा वाटतो? कोकणातला जांभ्याचा सडा. उघडा, वाऱ्याचा, झाडं तुरळक.

कुडाळहून:
सडा पावसाळ्यापुरता जवळ जातो, हे खरं. जांभ्यावर मातीचा थर पातळ, पोषण कमी, म्हणून दवबिंदूसारख्या कीटक खाणाऱ्या वनस्पती तिथं येतात. कासच्या पठारावरही त्या आहेत. स्कॉटलंडच्या ओल्या मूरवर दवबिंदूचीच गोल पानांची बहीण असते. कारणही तेच, जमिनीत नत्र नाही म्हणून किड्यांवर गुजराण. पण दादा, मे महिन्यात सड्यावर अनवाणी उभे राहून बघा, मग मूर म्हणा.

एडिंबराहून:
पुण्याच्या दादांनी पाण्याचा मुद्दा काढला तोच धरून ठेवा. मूरच्या खाली बहुतेक ठिकाणी पीट असतं. सतत ओल, थंडी आणि आम्लता, त्यामुळे मेलेलं शेवाळ आणि गवत पुरतं कुजतच नाही, थरावर थर साचत जातो. साचण्याचा वेग वर्षाला साधारण एक मिलिमीटर. केथनेस आणि सदरलँडमधल्या फ्लो कंट्रीत काही ठिकाणी हा थर १० मीटरपर्यंत आहे, म्हणजे शेवटच्या हिमयुगानंतरचा जवळजवळ सगळा काळ तिथं साठलाय. २०२४ साली युनेस्कोनं फ्लो कंट्रीला जागतिक वारशात घेतलं, ते या पीटसाठीच.

तेव्हा ‘दलदल’ही चालणार नाही. दलदल म्हटलं की चिखल आणि म्हशी येतात. हे पायाखाली गादीसारखं दबतं. आणि मूर म्हणजे बॉग असंही नाही. उताराला, जिथं पाणी थोडं निथळतं, तिथं हीदर माजतं. सपाटीला पाणी तुंबतं तिथं स्फॅग्नम शेवाळाचा बॉग होतो. स्कॉट्स बोलीत बॉगला ‘मॉस’ असंही म्हणतात, म्हणून स्टर्लिंगजवळच्या फ्लँडर्स मॉसचं भाषांतर कुणी शेवाळ असं करू नये.

माझं मत विचाराल तर मूर हा शब्द मूरच ठेवावा, आणि पहिल्यांदा येईल तिथं दोन वाक्यांत जमीन दाखवावी. पीटचंही तेच. ज्या मुलखात वस्तूच नाही तिथं शब्द कुठून येणार?

सातारहून:
मी महसूल खात्यातून निवृत्त झालोय, तेव्हा जमिनीचे शब्द हा माझा आवडता विषय. एक सुचवतो, ‘रान’. शहरी वाचकाला रान म्हणजे जंगल वाटतं, पण आमच्याकडे ‘रानात गेलाय’ म्हणजे शेतात गेलाय. पडरान, माळरान, चराऊ रान, कशातच झाड असण्याची अट नाही.

एडिंबराहून:
काका, हे फारच उपयोगी आहे, पण मूरपेक्षा दुसऱ्याच शब्दासाठी. हायलँड्सच्या नकाशावर ‘डिअर फॉरेस्ट’ असं छापलेलं असतं आणि तिथं गेलं तर मैलोन् मैल एक झाड दिसत नाही. फॉरेस्टचा तिथला अर्थ शिकारीसाठी राखलेला मुलूख एवढाच. त्याला हरणांचं जंगल म्हटलं की फसगत, ‘हरणांचं रान’ म्हटलं की चपखल. एकोणिसाव्या शतकात माणसं हटवून आधी मेंढ्या आणि मग बऱ्याच ठिकाणी ही राखीव रानं आली. आज तिथं झाडं उगवत नाहीत याचं एक मोठं कारण हरणंच आहेत, रोप वर आलं की खुडून खातात. कुंपण घातलेल्या तुकड्यात बर्च आणि पाइन आपोआप उगवताना दिसतात.

इन्व्हरनेसहून:
हरणांचं रान पक्कं. पण मग रेड डिअरला काय? तांबडं हरीण हास्यास्पद वाटतंय.

पुण्याहून:
हास्यास्पद काय त्यात? फक्त काळवीट डोळ्यांपुढे येऊ देऊ नका. काळविटाची शिंगं जन्मभर टिकतात. रेड डिअरच्या नराची दरवर्षी वसंतात गळतात आणि नव्यानं फुटतात, आपल्या सांबरासारखी. चण आणि ऐट बघता वाचकाला सांबराची आठवण करून द्या. काश्मीरचा हंगुल तर बरीच वर्षं रेड डिअरचाच प्रकार समजला जात होता. ऑक्टोबरात नर ओरडतात त्याला मात्र ‘हंबरणं’ लिहू नका, ते गाईचं. डरकाळीच्या जवळ जातं.

कुडाळहून:
हीदर जाळतात ना तिथं? त्याचं काय लिहिणार?

इन्व्हरनेसहून:
‘मुईरबर्न’. मी वणवा लिहिलंय.

कुडाळहून:
ताई, वणवा म्हणजे लागलेली किंवा हाताबाहेर गेलेली आग. ठरवून, ओल बघून, वारा बघून, पट्ट्यापट्ट्यानं जाळणं याला आमच्याकडे ‘भाजावळ’ आहे. भाताच्या तरव्यासाठी जमीन भाजतात ती. हेतू वेगळा, रीत तीच.

एडिंबराहून:
भाजावळ झकास! तिथला हेतू असा की ग्राउस पक्षी हीदरचे कोवळे कोंब खातो आणि जुन्या उंच झुडपात लपतो. दोन्ही हवं म्हणून एकदा हा पट्टा, मग तो पट्टा. वरून पाहिलं तर डोंगराला ठिगळं लावल्यासारखी दिसतात. ग्राउसच्या शिकारीचा मोसम १२ ऑगस्टला उघडतो, नेमका हीदर फुलतो तेव्हा. पीटवर आग लावावी का यावर तिकडे जोरदार भांडण आहे आणि २०२४ च्या कायद्यानं त्याला परवान्याच्या चौकटीत आणलंय. त्यामुळे ‘निसर्गरम्य जांभळे डोंगर’ असं लिहिताना जरा सबुरीनं. त्या जांभळ्यातलं बरंचसं माणसानं राखलेलं आहे.

नागपूरहून:
मध्येच घुसतो. ड्रीख म्हणजे काय हो नक्की?

इन्व्हरनेसहून:
थंड, ओलं, करडं, न संपणारं हवामान. पाऊस धड पडत नाही आणि धड थांबतही नाही.

नागपूरहून:
मग ‘झड’ घ्या. आमच्याकडे झड लागली की चार-चार दिवस सूर्य नाही, वाळत घातलेलं वाळत नाही, माणूस भजी खाऊन कंटाळतो.

पुण्याहून:
झड म्हणजे पाऊस. ड्रीख हे विशेषण आहे, पाऊस नसतानाही दिवस ड्रीख असतो. ‘कुंद’ म्हणा. कुंद हवा, कुंद दिवस. आणि ‘स्मिर’ नावाचा त्यांचा जो बारीक पाऊस आहे त्याला भुरभुर.

नागपूरहून:
कुंद मान्य. पण झड वाया घालवू नका, एखाद्या वाक्यात टाका.

सातारहून:
तिकडे कुणाच्याही जमिनीतून चालता येतं असं ऐकलं. त्याला काय शब्द वापरताय? मी वाट बघतोय कोणीतरी ‘भटकण्याचा अधिकार’ लिहितंय याची.

इन्व्हरनेसहून:
काका, तेच लिहिलंय.

सातारहून:
वाटलंच. दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. एका ठरावीक रस्त्यानं जाण्याचा हक्क, म्हणजे ‘वहिवाट’. आपल्याकडे वहिवाटीचा रस्ता अडवला की १९०६ च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाखाली दावा लागतो, अर्धी नोकरी माझी त्यात गेली. तिकडची गोष्ट निराळी दिसते.

एडिंबराहून:
हो. वहिवाटीचे जुने रस्ते स्कॉटलंडमध्येही आहेत, पण २००३ च्या जमीन सुधारणा कायद्यानं त्यापलीकडचा हक्क दिला आणि तो २००५ पासून लागू झाला. बहुतेक जमिनीवर आणि पाण्यावर वाटेशिवायही जाता येतं, तंबू टाकता येतो. अट एकच, जबाबदारीनं वागायचं. घराची बाग, उभं पीक, असल्या जागा वगळल्यात. लॉख लोमंडच्या काठावर काही पट्ट्यांत मार्च ते सप्टेंबर तंबूला परवाना लागतो.

सातारहून:
मग ‘मुक्तसंचार’. शब्द तयार आहे, कोऱ्या कागदावर शिक्का मारल्यासारखा बसतो.

इन्व्हरनेसहून:
घेतला. आता बॉथी. डोंगरातलं दगडी घर, कुलूप नाही, भाडं नाही, कुणीही येऊन रात्र काढावी. धर्मशाळा म्हणावं का?

पुण्याहून:
धर्मशाळेत रखवालदार असतो आणि बाहेर चहाची टपरी. ट्रेकर मंडळी देवळात नाहीतर गुहेत झोपतात, त्यामुळे आमच्याकडे शब्द नाही.

कुडाळहून:
आमच्याकडे आहे, ‘मांगर’. घरापासून लांब, बागेत नाहीतर शेतात. अवजारं, गवत, गुरं आणि मोसमात कामाचे गडी.

एडिंबराहून:
कमाल आहे. बॉथीचा मूळ अर्थ तोच, शेतावरच्या अविवाहित गड्यांची राहायची खोली. पुढं ओस पडलेल्या अशा इमारती डोंगरभटक्यांनी वापरायला घेतल्या. १९६५ साली माउंटन बॉथीज असोसिएशन स्थापन झाली आणि स्वयंसेवक आज शंभराच्या आसपास बॉथी सांभाळतात. मालकी बहुतेक वेळा जमीनदाराचीच. जाताना सरपण, मेणबत्ती आपली आपण न्यायची, संडास म्हणजे फावडं. लेखात एकदा ‘मांगरासारखी बॉथी’ म्हणा आणि पुढं नुसतं बॉथी.

नागपूरहून:
मिज राहिला. डास?

इन्व्हरनेसहून:
डास परवडले. दोन मिलिमीटरचाही नसतो, पण ढगच्या ढग येतात. जूनपासून ऑगस्टपर्यंत संध्याकाळी तंबूबाहेर चहा पिणं अशक्य. वारा ताशी दहा-अकरा किलोमीटरच्या वर गेला की उडत नाहीत, म्हणून इथले लोक वाऱ्याला नावं ठेवत नाहीत.

कुडाळहून:
चिलटं. डोळ्यांपुढे घोंगावणारी घुंगुरटी चावत नाहीत, चिलटं म्हटलं की चावा आला. मेंढ्यांना ब्लूटंग रोग देणारे कीटक याच कुळातले. आणि गवतातून पायाला चिकटतो त्या टिकसाठी ‘गोचीड’ लिहा. त्यापासून तिकडे लाइम रोग होतो, म्हणून संध्याकाळी अंग तपासायला सांगा वाचकांना.

मुंबईहून:
उशिरा आलो, दोन शेरे देतो. लॉखला सरसकट सरोवर लिहू नका. लॉख नेस गोड्या पाण्याचा आहे, पण लॉख फाइन समुद्राचा लांब शिरलेला फाटा आहे, तिथं सरोवर लिहिलं तर भरती-ओहोटी कुठून आणणार? ‘लॉख’च ठेवा. दुसरं, टार्मिगन पक्ष्याच्या इंग्रजी नावात सुरुवातीला एक अनुच्चारित ‘प’ येतो. मूळ गेलिक शब्द तार्माखन. सतराव्या शतकात तो ग्रीक असावा अशा समजुतीनं ‘प’ चिकटवला गेला. मराठीत तो आणू नका. आपल्याकडेही संस्कृत असावा म्हणून साध्या मराठी शब्दाला विसर्ग लावणारे आहेतच.

इन्व्हरनेसहून:
आभार सगळ्यांचे. शेवटचा एक. पश्चिम किनाऱ्यावर ऑटर दिसला होता, समुद्राच्या शेवाळात खेकडा फोडत बसलेला. गावातले लोक सी-ऑटर म्हणत होते.

एडिंबराहून:
समुद्रातला असला तरी तो नदीतलाच युरेशियन ऑटर. केसांतलं मीठ धुवायला त्याला गोडं पाणी लागतं, म्हणून तो बर्नच्या मुखाजवळ दिसतो. पाणमांजर लिहा.

कुडाळहून:
किंवा नुसतं ‘ऊद’. आमच्या खाडीत दिसतात, जात वेगळी. फक्त ‘उदमांजर’ लिहू नका हां, ते झाडावर चढतं आणि फणस खातं.