काचेपेक्षा चिरा बरा

विज्ञान विभागाची नवी इमारत लोकांसाठीही असावी आणि तिला पुढून पूर्ण काच हवी म्हणताय, त्यातलं काचेचं मला नाही पटत, गोव्याच्या उन्हात काच म्हणजे दिवसभर एसी चालू. आमच्या जुन्या घरात चिऱ्याच्या, म्हणजे जांभा दगडाच्या जाड भिंती, वर मंगळुरी कौलं, खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं, मे महिन्यात भर दुपारीही पायाखालची फरशी गार आणि उजेड कसा दुधासारखा मऊ. आणि पाऊस! वर्षाला साधारण ३००० मिमी, म्हणजे हजार चौरस मीटर छपरावर ३० लाख लिटर पाणी, ते टाकीत जाताना पारदर्शक पाइपातून दिसू द्या ना, बाजूला मोजपट्टी लावा, शाळेची पोरं ही इमारत बघायला पणजीजवळच्या ताळगाव पठारावर येतील तेव्हा तिथेच आधी थांबतील. लॅबना एसी लागेल, ठीक आहे, पण व्हरांडे, जिने वाऱ्याला उघडे ठेवा. आणि लोकांसाठी म्हणता तर रस्त्याकडे तोंड करून बाल्कांवसारखी, म्हणजे जुन्या गोवन घरांपुढच्या ओसरीसारखी बसायची जागा हवीच.