ज्येष्ठांचा क्लब आणि रुमाल ठेवलेली खुर्ची

बी ३०४ ताई: नाना राग मानू नका पण आज बोलतेच. बाबा काल पहिल्यांदा क्लबला गेले. आई गेल्यापासून घराबाहेर पडायचंच नाव नाही, दोन महिने मागे लागले तेव्हा कुठे इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि वीस मिनिटांत परत. खिडकीजवळ बसले तर म्हणे ही जागा ठरलेली आहे, दुसरीकडे गेले तर खुर्चीवर रुमाल. मग भिंतीला टेकून उभे राहिले. एकानेही नाव विचारलं नाही हो.

नाना (क्लब सेक्रेटरी): ताई, भावना पोचल्या. पण आधी फॉर्म भरायचा असतो हे बोर्डावर लिहिलंय. मुद्दाम कुणी केलं नसणार. काहींना गुडघ्यांमुळे उंच खुर्चीच लागते.

ए ४०५ काका: वयाची अट ६० की ५५? मला ५७ पूर्ण. कृपया कळवावे.

सी २०१ माई: रुमालाचं खरंय. आणि त्या फॉर्मवर 'निवृत्तीच्या वेळचे पद' असा रकाना आहे, तिथे मी काय लिहायचं? ४१ वर्षं घर सांभाळलं. फॉर्म तसाच घडी घालून कपाटात ठेवलाय.

डी १०३ दादा: माई, 'अजून सेवेत' लिहा 😄

नाना (क्लब सेक्रेटरी): फॉर्म आधीच्या कमिटीने छापलाय.

बी २०२ अण्णा: आधीची कमिटी म्हणजे मी, सरळ नाव घ्या की. माझ्या वेळी नवा माणूस आला की दारात घ्यायला कुणीतरी उभं असायचं. ते बंद कुणी केलं?

नाना (क्लब सेक्रेटरी): आणि हजेरीवही घरी कुणी नेली? दोन वर्षं मागतोय, सन्माननीय अण्णा.

डी १०३ दादा: हॉलसमोर स्कूटर आडवी लावतात त्याचं पण बघा जरा, जिन्यातून निघता येत नाही

चेअरमन: पार्किंगसाठी वेगळा ग्रुप आहे. मूळ विषयावर या.

ए ४०५ काका: माझा प्रश्न परत टाकतो. वयाची अट ६० की ५५? मला ५७ पूर्ण. कृपया कळवावे.

ए २०३ मॅडम: मी बोलू का थोडं. एकटेपणा साधी गोष्ट नाही, जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये त्यासाठी खास आयोग नेमला. आणि क्लब म्हणजे फक्त कॅरम नव्हे. १९७३ साली फ्रान्समध्ये तुलूजला निवृत्तांसाठी विद्यापीठ सुरू झालं, पुढे ब्रिटनमध्ये लोकांनी ते स्वतःच चालवायला घेतलं, ज्याला जे येतं ते त्याने बाकीच्यांना शिकवायचं, परीक्षा नाही डिग्री नाही. नव्या माणसाला फॉर्म देण्याआधी तुम्हाला काय येतं हे विचारा ना. काम सुटलं की माणसाला तेच कुणी विचारत नाही, माझं स्वतःचं तसंच झालं होतं.

नाना (क्लब सेक्रेटरी): मॅडम, फ्रान्सचं ठीक आहे. आमच्याकडे मेंबर ३१ आणि खुर्च्या १८. रुमाल का पडतात ते आता कळलं असेल. खुर्च्यांचा अर्ज सोसायटीकडे चार वेळा दिलाय.

चेअरमन: खुर्च्यांचं पुढच्या मीटिंगला घेतो.

बी २०२ अण्णा: हेच मागच्या मीटिंगला पण ऐकलं होतं.

बी ३०४ ताई: खुर्चीचं जाऊ दे हो. घरी आल्यावर बाबा एकच वाक्य बोलले, भिंतीवरचं घड्याळ चार बावीसला बंद पडलंय, सेलचा दोष नाही, काटा काट्याला अडकतोय. ३४ वर्षं मशिनं दुरुस्त केली त्यांनी. वीस मिनिटं उभं राहून तेवढंच बघत होते.

सी २०१ माई: अगं बाई.

नाना (क्लब सेक्रेटरी): घड्याळ खरंच बंद आहे. आम्ही तीनदा सेल बदलले. ताई, सोमवारी साडेचारला मी स्वतः बी ३०४ ला येतो आणि त्यांना बरोबर घेऊन जातो. फॉर्मचं मागाहून बघू. बारीक स्क्रूड्रायव्हर आहे का त्यांच्याकडे?

बी ३०४ ताई: मेसेज वाचून दाखवला. हत्यारांची पेटी पलंगाखालून काढून पुसत बसलेत.

बी २०२ अण्णा: सोमवारी मी पण येतो. वही घेऊन.

ए ४०५ काका: आणि वयाचं?

नाना (क्लब सेक्रेटरी): ६०, काका. पण या तुम्ही पण सोमवारी, बसायला घरून स्टूल आणा.

सी २०१ माई: माझ्या रकान्याचं राहिलंच की नाना.