शब्दचर्चा : प्रायर म्हणजे पूर्वग्रह?

मोजणीदार

बेझ पद्धतीने (आधीची माहिती नव्या आकडेवारीने सुधारत जाण्याच्या संख्याशास्त्रीय पद्धतीने) काम करणाऱ्या मुक्तस्रोत पॅकेजेसची तोंडओळख करून देणारं टिपण मराठीत लिहितोय. वाचणारे संख्याशास्त्राचे एम.एस्सी.चे विद्यार्थी. वर्गात आम्ही सगळे 'प्रायर घेतला', 'चेन मिक्स होत नाही', 'मॉडेल फिट केलं' असंच बोलतो आणि पुढेही बोलू. पण लेखी मराठीत प्रायर (आकडेवारी पाहण्याआधीचा अंदाज), लाइकलिहूड (तो अंदाज आकडेवारीशी किती जुळतो याचं माप) आणि पोस्टीरियर (आकडेवारी पाहिल्यावरचा सुधारलेला अंदाज) या तिघांना काय म्हणावं? एका सहकाऱ्याने प्रायरसाठी 'पूर्वग्रह' सुचवलाय. शब्द तयार आहे, सगळ्यांना कळतो, त्यामुळे मोह होतोय.

पाटीपेन्सिल

नको हो. पूर्वग्रह पुरावा समोर आला तरी सुटत नाही. प्रायर मांडायचा तोच मुळी पुराव्याने बदलावा म्हणून. 'तुम्ही आधीच मत ठरवून बसता' हा या पद्धतीवरचा सगळ्यात जुना आक्षेप आहे. तो आपणच शब्दात कोरून का ठेवायचा? 'पूर्वधारणा' म्हणा.

खवचट काकू

धारणा माणसाची असते, संगणकाला कसली धारणा? 'पूर्व' आणि 'उत्तर' एवढंच धरा. पूर्वपक्ष-उत्तरपक्ष, पूर्वरंग-उत्तररंग, पूर्वार्ध-उत्तरार्ध अशा जोड्या आपल्याकडे आहेतच. शिवाय 'उत्तर'चा दुसरा अर्थ इथे फुकटात मिळतो, कारण पॅकेज शेवटी आपल्या हातात ठेवतं ते पोस्टीरियरच. दिशांचा घोळ होईल असं कुणी म्हणेल, पण पूर्वार्ध वाचताना अजून कुणी होकायंत्र काढलेलं नाही.

आडवाटेचा

काकूंशी सहमत, फक्त पुढे 'वितरण' (कोणती किंमत किती संभवते याचा पट) जोडा. पूर्ववितरण आणि उत्तरवितरण. कारण पॅकेजमध्ये आपण टंकतो ते मत नसतं, वितरण असतं. मत किंवा माहिती त्याच्या मागे असते, तिला हवं तर 'पूर्वज्ञान' म्हणा. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी कळलेलं बरं. एकच पूर्वज्ञान दोन पॅकेजेसमध्ये वेगवेगळ्या आकड्यांनी लिहावं लागतं.

नेहमीचा सापळा बघा. बग्ज आणि जॅग्ज या पॅकेजेसमध्ये 'डीनॉर्म'च्या (घंटाकृती नॉर्मल वितरण लिहायच्या आज्ञेच्या) कंसात पहिला आकडा मध्य, दुसरा 'प्रिसिजन'. म्हणजे प्रसरणाचा (आकडे किती पसरलेत याच्या मापाचा, व्हेरिअन्सचा) व्यस्त. तिथे ० आणि ०.००१ लिहिलं की प्रसरण १००० होतं, प्रमाण विचलन (प्रसरणाचं वर्गमूळ) साधारण ३१.६. चांगलंच ऐसपैस वितरण. स्टॅन या पॅकेजमध्ये 'नॉर्मल'च्या कंसातला दुसरा आकडा थेट प्रमाण विचलन असतो. जुना कोड तसाच उचलून ०, ०.००१ लिहिलात तर सहगुणक (मॉडेलमधला शोधायचा आकडा) शून्याला खिळला म्हणून समजा. विदा (डेटा) कितीही ओरडली तरी तो जेमतेम हलेल. (मग मात्र त्याला पूर्वग्रह म्हणायला माझी हरकत नाही!) पॅकेज चूक दाखवत नाही, कारण त्याच्या दृष्टीने चूक काही नाहीच.

म्हणून 'प्रिसिजन'ला 'अचूकता' म्हणू नका. मराठीत आपण अ‍ॅक्युरसीलाही अचूकता म्हणतो, आणि ०.००१ 'अचूकता' वाचून नेमका उलटा समज होतो. सरळ 'प्रसरणाचा व्यस्त' लिहा. लांब आहे, पण व्यस्त शब्द शाळेपासून माहीत आहे आणि गणित शब्दातच दिसतं.

पाटीपेन्सिल

हे पटलं. धारणा मागे घेतली. व्यस्तवरून आठवलं, या सगळ्या पद्धतीला पूर्वी 'व्यस्त संभाव्यता' अशाच अर्थाचं नाव होतं. थॉमस बेझचा निबंध तो गेल्यावर दोन वर्षांनी, १७६३ मध्ये छापला गेला, तरी 'बेझियन' हे विशेषण रुळलं ते १९५० च्या दशकात.

हळद्या

लाइकलिहूडचं काय? 'शक्यता' लिहिलेलं पाहिलंय, पण रोजच्या बोलण्यात शक्यता आणि संभाव्यता एकच. 'पावसाची शक्यता' म्हणतो तेव्हा आपण संभाव्यताच सांगत असतो.

आडवाटेचा

तिथेच गोम आहे. संख्याशास्त्रज्ञ फिशरने १९२० च्या आसपास हा शब्द मुद्दाम वेगळा काढला, कारण ती संभाव्यता नव्हे. नाणं १० वेळा उडवलं, ७ छापे आले. छापा पडण्याचं प्रमाण ०.५ धरलं तर हे घडण्याची संभाव्यता ०.११७ येते, ०.७ धरलं तर ०.२६७. आता विदा तशीच ठेवून प्रमाण ० पासून १ पर्यंत सरकवत न्या आणि आलेख काढा. त्याखालचं क्षेत्रफळ १ भरत नाही, १/११ भरतं. म्हणजे ते वितरणच नाही! त्याला पूर्ववितरणाने गुणायचं, बेरीज १ होईल असं मापात आणायचं, की झालं उत्तरवितरण. वर नाव 'लाइकलिहूड फलन' ठेवा आणि समजावताना 'विदेची साक्ष' म्हणा. सगळंच मराठीत आणायचा हट्ट नको.

खवचट काकू

साक्ष छान. मोजणीदार, तुम्ही सुरुवातीलाच 'मुक्तस्रोत' लिहिलंत, तिथेही जपून. विनबग्ज (बग्जची विंडोज आवृत्ती) वर्षानुवर्षं मोफत मिळायचं, पण त्याचा स्रोत (मूळ कोड) खुला नव्हता. स्रोत खुला झाला तो ओपनबग्जमध्ये. जॅग्ज, स्टॅन, पायएमसी ही तिन्ही खरोखर मुक्तस्रोत. मोफत आणि मुक्त हे विद्यार्थी सर्रास एकत्र करतात.

आणि ही नावं कशावरून?

मोजणीदार

काकू, बग्ज म्हणजे 'गिब्ज सँपलिंग वापरून बेझियन अनुमान' याची इंग्रजी आद्याक्षरं. गिब्ज सँपलिंग म्हणजे एकेका अज्ञाताचा आकडा पाळीपाळीने यादृच्छिकपणे काढायची पद्धत. १९८९ मध्ये केंब्रिजच्या एम.आर.सी. (मेडिकल रिसर्च कौन्सिल) जैवसंख्याशास्त्र विभागात काम सुरू झालं. जॅग्ज म्हणजे 'आणखी एक गिब्ज सँपलर, बस्स', मार्टिन प्लमर यांचं. स्टॅन मात्र आद्याक्षरं नव्हेत. माँटे कार्लो (यादृच्छिक आकड्यांनी उत्तर काढायच्या) पद्धतीचे एक जनक स्तानिस्लाव उलाम, त्यांचं नाव. २०१२ मध्ये पहिली आवृत्ती आली, कोलंबिया विद्यापीठातून. आजारातून उठताना पत्त्यांचा सॉलिटेअर लावत असताना उलामना कल्पना सुचली : डाव सुटण्याची संभाव्यता सूत्राने काढण्यापेक्षा शंभरेक डाव खेळून मोजावेत.

हळद्या

मग सँपलिंगला 'नमुना घेणे' म्हणायचं का? मी सर्वेक्षणात काम करते. आमच्याकडे नमुना म्हणजे घरं, माणसं, शेतं. इथे लोक '४००० नमुने घेतले' म्हणतात तेव्हा मला वाटतं ४००० कुटुंबांना भेटून आले.

आडवाटेचा

अगदी बरोबर, त्यामुळे गैरसमज होतो. विदा ३० जणांची असली तरी उत्तरवितरणातून ४००० आकडे उपसता येतात. त्याने पुरावा वाढत नाही, उत्तराचं चित्र स्पष्ट होतं. स्टॅनची मंडळी हल्ली त्यांना 'ड्रॉज'च म्हणतात. मराठीत 'उपसा' पाण्याचा वाटतो, 'सोडत' घरांची. मी 'उचल' वापरतो. हिशेबातली उचल आठवते खरी, पण नमुन्याशी गल्लत होत नाही.

बर्न-इन आणि वॉर्म-अप यांनाही एक शब्द नको. बग्जमध्ये साखळीच्या (एकामागून एक काढलेल्या आकड्यांच्या मालिकेच्या, म्हणजे 'चेन'च्या) सुरुवातीच्या फेऱ्या मुख्यतः टाकून द्यायच्या असतात. स्टॅनमध्ये त्या फेऱ्यांत सँपलर आपल्या उड्यांची लांबी ठरवत असतो, म्हणून त्या वेगळ्या. पायएमसी त्याला 'ट्यून' म्हणतं. पहिल्याला 'टाकाऊ फेऱ्या', दुसऱ्याला 'जुळवणी'. 'आर' या संगणकभाषेतून स्टॅन चालवलं की आपोआप ४ साखळ्या, प्रत्येकी २००० फेऱ्या, त्यांतल्या १००० जुळवणीच्या. तुमचे ४००० येतात ते इथून.

मोजणीदार

शेवटचा एकच. 'श्रिंकेज', म्हणजे वेगवेगळ्या गटांचे अंदाज सरासरीकडे सरकणं. आठ शाळांच्या उदाहरणात लागतोच. मी 'आकुंचन' लिहिलंय.

पाटीपेन्सिल

आठ शाळा म्हणजे?

मोजणीदार

डोनल्ड रुबिन यांनी १९८१ मध्ये मांडलेलं अमेरिकेतलं उदाहरण. आठ शाळांत परीक्षेची शिकवणी घेतली, तिचा गुणांवर परिणाम किती? पहिल्या शाळेत २८ गुणांची वाढ, पण प्रमाण त्रुटी (अंदाजातल्या अनिश्चिततेचं माप) १५. एका शाळेत तर उणे ३. सगळ्यांची मिळून भारित सरासरी ८ च्या जवळ. बहुस्तरीय मॉडेल (आठही शाळा एकत्र धरून प्रत्येकीचा अंदाज काढणारं) चालवलं की पहिल्या शाळेच्या उत्तरवितरणाचा मध्यक २८ वरून साधारण १० वर येतो.

हळद्या

मग आकुंचन कसं? उणे ३ वाली शाळा तर वर जाते. आकुंचनाने आकडा शून्याकडे जातो असं वाटतं.

आडवाटेचा

'ओढ' म्हणा. सरासरीकडे ओढ. ज्या शाळेची प्रमाण त्रुटी मोठी, तिला ओढ जास्त. आणि ओढ किती असावी हे मॉडेल विदेवरूनच शिकतं, आपण हाताने ठरवत नाही.

खवचट काकू

ओढ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर माहेर येतं, पण चालेल. क्रियापदही मिळतं : 'पहिली शाळा सरासरीकडे ओढली गेली.' 'आकुंचित झाली' कोण म्हणणार?

मोजणीदार

ओढ घेतो. उचलबद्दल मात्र खात्री नाही. एका विद्यार्थ्याला '४००० उचली' वाचायला दिलं तर त्याने विचारलं, कुठल्या पतपेढीतून. सध्या 'ड्रॉ' ठेवतोय.