चकलीचा भाव किती ठेवू?

दिवाळीच्या ऑर्डरी घेतेय. भाजणीची चकली ४०० रुपये किलो, ६० किलो जाते. तेल, भाजणी, गॅस धरून किलोला २४० खर्च. दर १० रुपयांनी वाढला की साधारण २ किलो खप कमी होतो. सासूबाई म्हणतात, भाव हलवू नकोस. लेक म्हणते, दहावीचं वर्गसमीकरण लाव!

उत्तर १: लेकीचं ऐका. दहा-दहाच्या क्ष वाढी धरा. नफा = (१६० + १०क्ष)(६० − २क्ष). क्ष −१६ किंवा ३० असताना नफा शून्य. नफा सगळ्यात जास्त या दोन्हींच्या बरोबर मध्ये, क्ष ७ असताना. म्हणजे भाव ४७०, खप ४६ किलो, नफा १०,५८०. सध्या ९,६०० सुटतात.

उत्तर २: ताई, ४५० लाही १०,५०० मिळतात. नफ्याचा वक्र शिखरापाशी जवळजवळ सपाटच असतो. ऐंशी रुपयांसाठी चार किलोची गिऱ्हाइकं कशाला तोडता?

प्रश्नकर्ती: ४५० पक्कं. शिवाय दहा किलो कमी तळायच्या, ते कुणी धरलंच नाही!