चालू पीएलसीला हात लावायचा की नाही?

लॅडरलाल
सीमेन्सनं २०२३ पासून एस७-३०० हा पीएलसी (मशीन चालवणारा कारखान्यातला छोटा कंप्युटर) फेज-आउटला, म्हणजे हळूहळू बंद करायला टाकला, स्पेअर २०३३ पर्यंत देणार म्हणतात, आणि तेव्हापासून प्रत्येक मीटिंगला एकच पाढा, बदलून टाका. अरे पण का? मशीन चालतंय, माल नीट निघतोय. लाइन थांबली की पहिल्या शिव्या पीएलसीला आणि बघायला गेलं तर निघतं काय, प्रॉक्सिमिटी सेन्सर सरकलेला नाहीतर टर्मिनलचा स्क्रू ढिला नाहीतर २४ व्होल्टचा सप्लाय बसलेला. सीपीयू बिचारा गपचूप इनपुट वाचतोय, लॉजिक चालवतोय, आउटपुट देतोय. एक सीपीयू, एक सप्लाय, प्रत्येक प्रकारचं एकेक कार्ड स्टोअरला ठेवा आणि कामाला लागा.

स्कॅनसायकल
स्टोअरला ठेवा म्हणणं सोपंय. ते स्पेअर शेवटचं पॉवर कधी केलं विचारा कुणाला, सगळे एकमेकांकडे बघतात. सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर नुसते पडून पण खराब होतात. आणि ३०० च्या नव्या सीपीयूंमध्ये प्रोग्राम एमएमसी या मेमरी कार्डवर असतो, कुणी हुशारीनं ते लॅपटॉपला लावून विंडोजमधून फॉरमॅट मारलं की कार्ड गेलं समजा. तुमच्याकडे प्रोग्राम आहे का कमेंटसकट? सीपीयूमधून अपलोड कराल तर ३०० मध्ये नावं-कमेंट काहीच येत नाही, नुसते एम १२.३ आणि डीबी ४० असले मेमरीचे पत्ते बघत बसा रात्री २ वाजता.

लॅडरलाल
म्हणजे बॅकअप नाही हा प्रॉब्लेम झाला ना, पीएलसी जुना हा कुठे झाला? ज्याच्याकडे बॅकअपची शिस्त नाही तो नवा घेऊनही तेच करणार, सिस्टिम बसवून देणारा इंटिग्रेटर पासवर्ड टाकून निघून जाणार आणि हे बसणार फोन लावत. आणि नव्यावर गेलात की स्कॅन टाइम, म्हणजे प्रोग्रामची एक फेरी व्हायचा वेळ, एकदम कमी होतो, जुन्या प्रोग्राममध्ये कुणी स्कॅन मोजून डिले केलेला असेल तर सिलिंडर आधीच सुटतो. ते कमिशनिंगला कळत नाही, नंतर कळतं.

पॅनलवाली
सिक्युरिटीचं कुणी बोलतच नाहीये. "आमचा पीएलसी नेटवर्कवर नाही" हे ऐकून कान किटले. स्टक्सनेट हे कंप्युटर वर्म, २०१० ला उघड झालेलं, ते पेनड्राइव्हवरनंच पसरत होतं आणि टार्गेट होता सीमेन्सचाच ३०० आणि ४००, इंजिनीअरला स्क्रीनवर सगळं नॉर्मल दिसत होतं. बरं तुमचं जुनं सॉफ्टवेअर जुन्या विंडोजवरच चालतं, मग तो एक लॅपटॉप ज्याला अपडेट नाही आणि ज्यात सगळे पेनड्राइव्ह जातात, तो कपाटातून निघतो आणि थेट सीपीयूला लागतो.

लॅडरलाल
हा मुद्दा मान्य. पण त्यासाठी लॅपटॉप बदला, व्हर्च्युअल मशीन करा, सगळा पॅनल का उपटायचा?

चोवीस_व्होल्ट
दोघंही ब्रँडच्या वयावर भांडताय. बदलायचाच असेल तर आधी बघा आउटपुट काय चालवायचंय. सोलेनॉइड (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या कॉइल) सतत फटाफट मारायचे असतील तर रिले आउटपुट घेऊ नका, कॉन्टॅक्ट झिजतात, ट्रान्झिस्टर घ्या आणि डीसी कॉइलला डायोड लावा. सेन्सर पीएनपी की एनपीएन (सिग्नल प्लसचा देतो की मायनसचा) ते इनपुट कार्डशी जुळतंय का बघा, ऑर्डर आल्यावर नव्हे. आयओ, म्हणजे इनपुट-आउटपुटच्या जागा, थोडे मोकळे ठेवा. आणि लँग्वेज, आयईसी ६११३१-३ या पीएलसी भाषांच्या स्टँडर्डमध्ये स्ट्रक्चर्ड टेक्स्ट आहे म्हणून सगळं त्यातच लिहिणारे भेटतात, नाइट शिफ्टच्या इलेक्ट्रिशियनला लॅडर (रिलेच्या वायरिंगसारखा काढलेला प्रोग्राम) कळतो, त्याला ऑनलाइन बघून कुठला कॉन्टॅक्ट अडकलाय ते दिसतं. पीएलसी आलाच मुळी जनरल मोटर्सला रिलेचे पॅनल नको झाले म्हणून, १९६८-६९ ला, लॅडर ठेवला कारण वायरमनला वाचता यावा.

स्कॅनसायकल
लॅडरमध्ये पीआयडी (तापमान, प्रेशर सेट केलेल्या आकड्यावर धरून ठेवणारं गणित) आणि रेसिपी हँडलिंग लिहून दाखवा मग बोलू. इंटरलॉक (अट पुरी झाल्याशिवाय पुढचं चालू न होऊ देणं) लॅडरमध्ये, गणित टेक्स्टमध्ये, यात भांडण्यासारखं काही नाहीये. लॅडरलालना माझा एकच प्रश्न, पुढच्या शटडाउनला चालू सीपीयू काढा, स्टोअरमधला स्पेअर लावा, तुमच्याच बॅकअपमधून प्रोग्राम टाका आणि लाइन चालवून दाखवा. करणार?

लॅडरलाल
करतो. पण आधी फोर्स केलेले (हातानं ऑन-ऑफ अडकवून ठेवलेले) किती बिट राहिलेत ते बघावं लागेल, मागच्या शिफ्टवाल्यांचा भरोसा नाही.

पॅनलवाली
म्हणजे आत्ता चालू प्रोग्राम आणि बॅकअप एकच आहे का हेच माहीत नाही तुम्हाला 😄